अनुभव धागा: जोडीदाराला स्लीप अ‍ॅप्निया आणि तंबूतला मुक्काम

बायकोला स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, दचकून पुन्हा सुरू होतो. सीपॅप मशीन दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवतं, त्यामुळे घरी आता ती शांत झोपते. लग्नाआधीपासून आम्ही सह्याद्रीत भटकतोय आणि हे थांबवायचं नाहीये. साम्रदला तंबूत राहून सांदण दरी करायची आहे. बॅटरी, थंडी, सोबतचे लोक, सगळ्याबद्दल लिहा. "एक रात्र मशीन नसलं तर काय होतंय?" हे मात्र नको. शेजारी जागं राहून तिचे श्वास मोजणारा मी असतो.

---

आमच्या ह्यांचं मशीन आम्ही भंडारदऱ्याला नेतो. सगळ्यात जास्त वीज खातो तो ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा घालणारा भाग. तो आणि गरम नळी बंद केली की बॅटरी कितीतरी जास्त टिकते. नेहमीच्या 20,000 एमएएचच्या पॉवरबँकेत साधारण 74 वॉट-तास असतात, पण आमच्या मशीनला 24 व्होल्ट लागतात, म्हणून तिचा थेट उपयोग नाही. मशीनला चालणारी बॅटरी आणि तिचीच डीसी केबल घ्या. इन्व्हर्टर लावून एसी करण्यात वीज वाया जाते. आणि घरी एक अख्खी रात्र बॅटरीवर काढून बघा, मगच निघा.

पहाटेच्या गारठ्यात बॅटरी लवकर उतरते. आम्ही ती कापडात गुंडाळून स्लीपिंग बॅगजवळ ठेवतो, हवा आत घेण्याची मशीनची जाळी मात्र मोकळी. ह्युमिडिफायर लावलाच तर थंड नळीत पाणी साचून मास्कमध्ये गुडगुडतं. नळीला लोकरी मफलर गुंडाळा, मशीन डोक्यापेक्षा खाली ठेवा.

---

मी तंबूचा हट्ट सोडला. राजमाचीला गावात घरी उतरतो, अंगणात झोपतो, खिडकीतून वायर बाहेर. वीज गेली तर बॅटरी असतेच. पिठलं-भाकरी मिळते ती वेगळीच.

---

लेहला जाणाऱ्यांसाठी. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर घसा उघडा असूनही श्वास मधे मधे थांबू शकतो, कारण मेंदूकडून श्वासाचा इशाराच अनियमित होतो. सह्याद्रीत हा प्रश्न नाही. कळसूबाईसुद्धा 1,646 मीटर. झोपेच्या डॉक्टरांना आधी भेटा, स्वतःहून झोपेची गोळी अजिबात नको. विमानात लिथियम बॅटरी केबिन बॅगेतच न्यायची; 100 वॉट-तासांपर्यंत चालते, त्यापुढे 160 पर्यंत कंपनीची परवानगी लागते. तपासणीत मशीन उघडून दाखवावं लागलं, डॉक्टरांची चिठ्ठी कामी आली.

---

पवनेकाठी शेकोटीजवळ मित्र आग्रह करतात, "एक पेग घे रे." दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. आता नवऱ्याच्या आधी मीच नाही म्हणते आणि त्याचं मला काही वाटत नाही. उताणं झोपल्यावर त्याचा श्वास जास्त अडतो, म्हणून पाठीशी सॅक लावून कुशीवर झोपवते. पण हे मशीनच्या जोडीला, मशीनऐवजी नाही.

---

परतीच्या गाडीबद्दल कुणी बोललं नाही. रात्रीची झोप बिघडली असेल तर घाटात स्टिअरिंग अ‍ॅप्निया असलेल्या जोडीदाराच्या हातात देऊ नका. आमच्यात उतरताना गाडी मीच चालवते, हे निघण्याआधीच ठरलेलं असतं. ट्रेकच्या लीडरलाही मशीनबद्दल आधी सांगा. तंबू जरा कडेला मिळतो, आणि रात्री फुसफुस ऐकून कुणी टॉर्च मारत येत नाही.

---

सर्वांचे मनापासून आभार. मफलर आणि गाडीचं लगेच ठरलं. येत्या शनिवारी घरी बॅटरीवर रात्र काढतोय, किती टिकली ते इथेच लिहितो. 24 व्होल्टची बॅटरी पुण्यात भाड्याने मिळते का, कुणी सांगेल?