मदत हवी आहे: पीएमडीडीची (पाळीआधी मनःस्थिती फार बिघडण्याचा आजार) गोळी रोज की फक्त १४ दिवस?

वय ३४, पाळी नियमित. आधीचे नऊ-दहा दिवस मात्र मी मी राहत नाही. परवा डब्याचं झाकण लागेना म्हणून ओट्याशी उभी राहून रडले. पाळी आली की दोन दिवसांत निवळतं. तीन महिने रोज नोंद ठेवली, दर वेळी हेच. थायरॉइड, हिमोग्लोबिन नॉर्मल. व्यायाम केला, कॉफी सोडली, फरक नाही. अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा येतात, त्यामुळे इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या बाद. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार नाहीत. डॉक्टरांनी एसएसआरआय (नैराश्यावरच्या गोळ्यांचा एक प्रकार) सुचवलंय: रोज, किंवा पाळीआधी १४ दिवस. पुढच्या आठवड्यात ठरवायचंय. ज्यांनी १४ दिवसांची पद्धत घेतली, त्यांना फरक कधी जाणवला, आणि दर महिन्याला गोळी थांबवताना त्रास झाला का?