मदत हवी आहे : पन्नाशी उलटलेल्या सहकाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य आणि कामाची रचना

नमस्कार.

आमच्या संस्थेतील कर्मचारी प्रतिनिधींच्या समितीने एक टिपण तयार करायचे ठरवले असून त्याचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पन्नाशी उलटलेल्या सहकाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यावर कामाच्या परिस्थितीचा कोणता परिणाम होतो आणि त्यासाठी व्यवस्थापनाने काय बदलावे, असा त्याचा विषय आहे. व्यवस्थापनाची तयारी सध्या समुपदेशकाची नेमणूक आणि ताणतणावावर एखादे व्याख्यान इथपर्यंत आहे. समुपदेशनाला माझा विरोध नाही, परंतु ज्या कामामुळे माणूस खचतो ते काम तसेच ठेवून त्यालाच खंबीर व्हायला सांगणे मला अपुरे वाटते. याविषयी अनुभव किंवा अभ्यास असलेल्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

आतापर्यंतच्या वाचनातून माझे मत असे झाले आहे की नुसत्या कामाच्या बोज्यापेक्षा त्या कामावरचा स्वतःचा ताबा सुटणे अधिक घातक ठरते. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये मांडलेल्या प्रारूपात ही गोष्ट मध्यवर्ती आहे : कामाची मागणी मोठी आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा थोडी, अशी सांगड जिथे पडते तिथे मानसिक ताण सर्वाधिक असतो. याच विषयाचे दुसरे अभ्यासक योहानेस सीग्रिस्ट यांनी 1996 मध्ये त्याला दुसरी बाजू जोडली, ती श्रम आणि मोबदला यांतील असमतोलाची. मोबदल्यात त्यांनी पगाराबरोबर मान, बढतीची संधी आणि नोकरीची शाश्वती यांचाही समावेश केला. वयाने ज्येष्ठ असलेल्या सहकाऱ्यांशी बोलताना पगाराची तक्रार मला क्वचितच ऐकू आली. ज्या कामातले बारकावे आपल्याला तोंडपाठ आहेत त्याची पद्धत आपल्याला न विचारता बदलली जाते, नव्या प्रणालीच्या प्रशिक्षणाला तरुणांची नावे आधी जातात आणि ‘आता तुमची थोडीच वर्षे राहिली’ हे वाक्य सहानुभूतीच्या सुरात ऐकवले जाते, याचे दुःख मात्र बहुतेकांनी बोलून दाखवले. (हे वाक्य उच्चारणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही, हे विशेष.)

पाळ्यांचा प्रश्न वेगळा आणि तुलनेने सरळ आहे. वयानुसार गाढ झोपेचे प्रमाण कमी होते, रात्रपाळीनंतर दिवसा झोप लागणे आणि टिकणे अवघड जाते, आणि सतत अपुऱ्या झोपेतून चिडचिड व उदासी वाढते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1980 सालच्या 162 क्रमांकाच्या शिफारशीत, अखंड पाळ्यांमध्ये काही वर्षे काम केलेल्या ज्येष्ठ कामगारांना नेहमीच्या दिवसाच्या वेळेत काम मिळणे सुकर करावे, असे सुचवले आहे. हा मुद्दा मी मसुद्यात घेतला आहे.

खरी अडचण यापुढची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी 2022 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत व्यक्तीसाठीच्या उपायांबरोबर कामाच्या रचनेतील बदल आणि व्यवस्थापकांचे प्रशिक्षण यांचाही विचार आहे, त्यामुळे आमच्या मागणीला आधार मिळतो. तथापि, पन्नाशीपुढच्यांसाठी वेगळी सोय मागितली की ‘या मंडळींना आता काम झेपत नाही’ या समजाला आपणच दुजोरा देतो, अशी भीती काही ज्येष्ठ सहकाऱ्यांनी व्यक्त केली असून ती मला रास्त वाटते. त्यांच्यापैकी एकाने तर सवलत नको पण बैठकीत बोलवा, असे स्पष्ट सांगितले. कामाच्या वेळेतील लवचिकता सर्व वयोगटांना खुली ठेवावी, की वयाची अट घालावी? सर्वांना खुली ठेवल्यास तिचा लाभ ज्यांना सर्वाधिक गरज आहे त्यांच्यापर्यंत पोहोचतो का, की मागायला संकोच न करणारेच ती घेतात? आपल्या कार्यालयात यापैकी काही करून पाहिले असल्यास काय घडले, ते कृपया सविस्तर लिहावे.

दुसरा प्रश्न मोजमापाचा आहे. व्यवस्थापन म्हणते, आधी पाहणी करा. पण ज्यांना परिस्थिती असह्य झाली ते स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेलेले असतात, आणि मागे राहिलेल्यांची पाहणी केली तर ज्येष्ठ कर्मचारी मजेत आहेत असा निष्कर्ष निघू शकतो. शिवाय या वयातील नैराश्य पुष्कळदा ‘मन उदास आहे’ या शब्दांत समोर येत नाही; पाठदुखी, थकवा, अपचन, विसराळूपणा अशा तक्रारींच्या रूपाने येते. थायरॉइडचे विकार आणि बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता यांचीही लक्षणे अशीच दिसू शकतात, म्हणून निदान डॉक्टरांकडेच राहावे आणि पाहणीत आजाराविषयी काहीही न विचारता केवळ कामाविषयी विचारावे, असे माझे मत आहे : कामाचा क्रम ठरवता येतो का, बदलाची पूर्वसूचना मिळते का, अडचण आल्यास वरिष्ठांकडे जाता येते का. अशी प्रश्नावली कोणी वापरली असल्यास तिची रचना कशी होती, हे कळले तर फार उपयोग होईल.

आणखी एक बाब, जिच्यावर मला अद्याप मार्ग सापडलेला नाही. आमच्या काही विभागांत पंचावन्नच्या पुढचे दोन-तीनच जण आहेत. वय आणि विभाग एवढे दोन रकाने भरले की नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो, आणि हे ठाऊक असल्यामुळे कोणी मोकळेपणाने उत्तर देणार नाही. विभागाचा रकाना काढून टाकल्यास नेमका त्रास कुठे आहे ते कळणार नाही. बाहेरच्या तटस्थ व्यक्तीकडून मुलाखती घेणे हा पर्याय चर्चेत आहे, मात्र त्या व्यक्तीचा अहवाल कोणाकडे जावा आणि मूळ नोंदी कोणी सांभाळाव्यात, यावर समितीत एकमत नाही. मनुष्यबळ विभागात काम केलेल्यांनी किंवा कर्मचारी संघटनेच्या बाजूने अशी पाहणी हाताळलेल्यांनी ही व्यवस्था कशी लावली होती?