वीज जाणाऱ्या गावात घरचा सर्व्हर: जुन्या लॅपटॉपवर कितपत भरवसा ठेवावा?

सेलूचा मास्तर

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात शिक्षक आहे. घरातील चौघांच्या मोबाईलमधले मिळून ३८० जीबी फोटो व व्हिडिओ, आणि वडिलांनी जपलेल्या जमिनीच्या खासरा पत्रकाच्या नकला, जुने फेरफार व मोडीतील दोन खरेदीखते यांचे स्कॅन, हे सारे दरमहा भाडे भरून दुसऱ्याच्या क्लाउडवर ठेवण्याऐवजी घरीच ठेवावे, असे मनात आहे. त्यासाठी आठ जीबी रॅमच्या एका जुन्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकली असून डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवण्याची सोय) फोटोंसाठी इमिच आणि फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड चालू केले आहेत. घरच्या वायफायवर दोन्ही व्यवस्थित चालतात.

शाळेतून मात्र काहीच उघडत नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केले, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी लॅपटॉपकडे वळवली, तरीही नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी पत्ता १००.७२ ने सुरू होतो, आणि पत्ता दाखवणाऱ्या वेबसाइटवर निराळाच आकडा येतो. इंटरनेटवाल्यांना दोनदा फोन केला. ‘आमच्याकडून सगळे ओके आहे’ एवढेच उत्तर मिळाले. दुसरे म्हणजे वीज दिवसातून दोन-तीन वेळा जाते आणि लॅपटॉपची बॅटरी निकामी झाल्यामुळे मी ती काढून टाकलेली आहे. गेल्या आठवड्यात अशीच वीज गेल्यानंतर इमिचचा डेटाबेस सुरूच होईना. शेवटी सगळे नव्याने भरावे लागले. शिवाय घर माळवदाचे असल्याने वरून माती झडत राहते, आणि माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात हात टेकवत नाही. यंत्र ठेवावे कोठे, हाही प्रश्नच आहे.

गोदाकाठ

गुरुजी, पत्त्याचा उलगडा आपण स्वतःच लिहिला आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. आपल्यासारखे अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेले असतात, याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून आलेली जोडणी कंपनीच्या यंत्रापाशीच थांबते, ती आपल्या राउटरपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी फरक पडणार नाही. स्थिर सार्वजनिक पत्ता मागता येतो, पण बहुधा त्याचे वेगळे पैसे पडतात, आणि घरातल्या चौघांपुरत्या वापरासाठी त्याची गरज नाही. सर्व्हरवर व चारही मोबाईलवर टेलस्केल बसवा. ते आपल्याच यंत्रांचे खासगी जाळे बांधते, वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालते, दोन्ही टोकांकडून बाहेरच्या दिशेने जोडणी करते आणि थेट मार्ग सापडला नाही तर मधल्या सर्व्हरमार्फत माहिती नेते. ती तेथेही कुलूपबंदच (एन्क्रिप्टेड) असते. यात घरचा एकही दरवाजा जगासाठी उघडा राहत नाही, आणि मला तरी हाच त्याचा मोठा फायदा वाटतो. टेलस्केलच्या खात्यावर विसंबायचे नसेल तर त्याचे नियंत्रण स्वतःच चालवण्यासाठी हेडस्केल आहे. मात्र त्याला बाहेर भाड्याचा छोटा सर्व्हर लागतो, म्हणून सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नये.

डेटाबेसविषयी एक विचारतो: तो बाहेरच्या यूएसबी डिस्कवर तर नव्हता? इमिच आपली माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवते, आणि पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी नोंदवहीत लिहूनच पुढे जाते, त्यामुळे वीज अचानक गेली तरी ते सहसा सावरते. अट एवढीच की डिस्कने ‘लिहिले’ म्हटले म्हणजे खरोखर लिहिलेले असावे. स्वस्त यूएसबी खोक्यांचा याबाबतीत भरवसा नसतो, आणि व्होल्टेज जरा खाली आले की आधी तीच सुटतात. डेटाबेस आतल्या एसएसडीवर न्या. फोटो बाहेरच्या डिस्कवर राहिले तरी चालतील.

आणि कृपया नवी बॅटरी घाला. जुन्या लॅपटॉपचा खरा गुण तोच आहे की त्याचा यूपीएस त्याच्या पोटातच असतो. चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवता येत असेल तर ठेवावी, कारण सतत भरलेली बॅटरी उष्णतेत फुगते. बॅटरी दहा टक्क्यांवर आली की यंत्राने स्वतःहून नीट बंद व्हावे, अशी यूपॉवरची (लिनक्समधील बॅटरीवर लक्ष ठेवणारी सेवा) सेटिंग करा. घरी इन्व्हर्टर असला तरी वीज जाताना राउटर क्षणभर मिटून पुन्हा सुरू होतो, असा अनुभव येईल. त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. विजेच्या बिलाची धास्ती नको. पडदा बंद ठेवून लॅपटॉप सरासरी पंधरा वॅट घेत असेल, तर महिन्याला साधारण अकरा युनिट होतात.

तारेवरचा कावळा

वरील उत्तराशी सहमत आहे, पण माझी एक चूक सांगतो. अहमदपूरकडे आमच्या घरी सर्व्हर आणि त्याची बॅकअप डिस्क एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर शेजारी-शेजारी होती, आणि दररोज रात्री दोन वाजता प्रत निघते म्हणून मी निर्धास्त होतो. एका पावसाळी संध्याकाळी डीपीवरचे न्यूट्रल सुटले. असे झाले की एका फेजवरच्या घरात २३० ऐवजी जवळजवळ ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. दिवे आधी पांढरेफटक झाले, मग पंखा घोंगावला, आणि मी मेन स्विचपर्यंत पोचेपर्यंत दोन्ही अडॅप्टर व दोन्ही डिस्कचे बोर्ड जळून गेले होते. बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ त्यात गेले ते गेलेच.

म्हणून गुरुजी, तिसरी प्रत घराबाहेर हवी, आणि तारेपासून तुटलेली हवी. मी आता दोन डिस्क आळीपाळीने वापरतो. एक घरी, दुसरी लातूरला भावाकडे. रेस्टिक या बॅकअप प्रोग्रॅमने प्रत काढली की ती कुलूपबंद असते, त्यामुळे डिस्क कोणाच्या हाती लागली तरी काळजी नाही. मात्र तिचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवावा, कारण तो हरवला तर प्रत असून नसल्यासारखी होते. इमिच स्वतःच्या डेटाबेसची प्रत रोज काढते हे खरे, पण त्या प्रतीत फोटो नसतात. फोटोंच्या फाइली वेगळ्या न्याव्या लागतात. पुष्कळ जण येथेच फसतात.

जुना_अ‍ॅडमिन

एकच भर घालतो. उत्साहाच्या भरात घरून ईमेल सर्व्हर चालवू नये. अनेक कंपन्या घरगुती जोडणीवर ईमेल पाठवण्याचे पंचवीस क्रमांकाचे पोर्ट बंद ठेवतात, आणि पत्र गेलेच तरी समोरचा ते बहुधा स्पॅममध्ये टाकतो. जागेबाबत म्हणाल तर पत्र्याची खोली नकोच. बहुतेक हार्ड डिस्क ६० अंशांपर्यंत चालतील असे निर्माते सांगतात. परभणीकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात, तेव्हा बंद खोलीत ती हद्द गाठायला वेळ लागत नाही. माळवदाखालची खोली गार असते. माती झडते, तर वरून फळी टाका, पण बाजू मोकळ्या सोडा. फडक्याने झाकू नका.

सेलूचा मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. गोदाकाठ यांचा अंदाज बरोबर निघाला. डेटाबेस यूएसबी डिस्कवरच होता, तो आत घेतला आहे. टेलस्केल टाकल्यावर काल मधल्या सुट्टीत शाळेतून फोटो उघडले. बॅटरी परभणीहून मागवली आहे. लॅपटॉप मधल्या खोलीतील देवळीत ठेवला असून वर सागवानी फळी बसवली आहे; देवळी खोल असल्याने हवा खेळावी म्हणून यंत्र चार बोटे पुढे ओढून ठेवले, आणि काल दुपारी चारला डिस्कचे तापमान ४४ अंश दिसले.

कावळेदादांचे वाचून रविवारी बाहेरची प्रत काढली, आणि ती डिस्क शाळेतील संगणकाला लावून कागदपत्रे एकेक करून उघडून पाहिली. खरेदीखतांच्या चौदा पानांपैकी तेरा उघडली. सहाव्या पानाची फाइल शून्य बाइटची होती, आणि सर्व्हरवरही ती तशीच निघाली; बहुधा पहिल्यांदा भरतानाच वीज गेली असावी. मूळ कागद पेटीत होता म्हणून तेवढे पान पुन्हा स्कॅन केले.