गोव्यातल्या नावांची पुस्तिका: कोणता अर्थ छापायचा?

अंत्रुज_वाचनालय:
नमस्कार मंडळी. फोंडा महालातल्या वाचकांसाठी गोव्यातल्या नावा-आडनावांची एक पुस्तिका तयार करत आहोत. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशा तिन्ही समाजांतली नावे घ्यायची आहेत. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, लोबो म्हणजे लांडगा, असे अर्थ सहज मिळतात. पण नुसते तेवढे छापले, तर परेरांचे पूर्वज नासपतीचे बागायतदार होते असा वाचकाचा समज होईल. शिवाय जुन्या पोर्तुगीज कागदांत पोरोबो, कामोतिम, पुंडोलिका अशी रूपे भेटतात. ती कशी लावायची? प्रत्येक नावाच्या नोंदीसाठी एखादा साचा सुचवाल का?

जुनी_काबिजाद:
प्रत्येक नोंदीत दोन वेगळे खाने ठेवा: 'शब्दाचा उगम' आणि 'गोव्यात कसे आले'. हे दोन एकत्र झाले की पुस्तिका बिघडलीच म्हणून समजा.

पहिल्या खान्यात पोर्तुगीज आडनावांचे तीन गट पडतात. शेवटी -इस येणारी बहुतेक आडनावे बापाच्या नावावरून आलेली आहेत. फर्नांडिस म्हणजे फेर्नांदोचा, रॉड्रिग्स रोद्रिगोचा, गोन्साल्विस गोन्सालोचा, नुनीस नुनोचा, लोपिस लोपोचा. स्पेनमध्ये हीच आडनावे झेड लावून संपतात. मुळातली फेर्नांदो, रोद्रिगो ही नावेही लॅटिन नव्हेत, ती जर्मानिक आहेत. पाचव्या ते आठव्या शतकात तिथे राज्य करणाऱ्या व्हिसिगॉथ या जर्मानिक लोकांची. रोद्रिगोत कीर्ती आणि सत्ता असे दोन शब्द जोडलेले आहेत.

दुसरा गट जागांचा आणि झाडांचा. डिसोझा म्हणजे 'सोझाचे'. सोझा ही उत्तर पोर्तुगालातली दोरू नदीला मिळणारी नदी. कार्व्हालो म्हणजे ओक, सिल्वा म्हणजे रान. तिसरा गट टोपणनावांचा, त्यात लोबो येतो.

एक सापळा लक्षात ठेवा. मिनेझिस ऐकायला फर्नांडिससारखे, पण ते कॅस्टिलमधल्या मेनेसेस या गावावरून आलेले आहे. टोर्रिस म्हणजे नुसते 'मनोरे'. म्हणून शेवट पाहून अर्थ लावू नका, मूळ नाव सापडते का ते आधी तपासा.

आता दुसरा खाना, आणि खरे काम इथेच आहे. तिसवाडी १५१० मध्ये, बारदेस आणि सासष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. त्यानंतरच्या धर्मांतरांत बाप्तिस्म्यावेळी धर्मपित्याचे किंवा पाद्रीचे आडनाव मिळत असे. म्हणजे परेरा हे आडनाव धर्मपित्याकडून आले, नासपतीशी त्या घराचा काडीचा संबंध नाही. त्यावरून पोर्तुगीज रक्तही सिद्ध होत नाही. एकाच मूळ कुळातल्या दोन शाखांची आडनावे वेगळी असू शकतात आणि एकाच आडनावाची दोन घरे एकमेकांची कोणीच नसू शकतात. कुळाचा धागा हवा असेल तर कोमुनिदादीच्या (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) गांवकारांच्या, म्हणजे तिच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, याद्या पाहा. तिथे माणूस वांगडाखाली, म्हणजे गांवकारांच्या कुळगटाखाली, नोंदलेला असतो, आणि वांगड हा आडनावापेक्षा पक्का पुरावा.

दफ्तर_वाचक:
जुन्या कागदांसाठी एवढे नियम पुरतात. लिहिणाऱ्याने कोकणी उच्चार ऐकून पोर्तुगीज पद्धतीने उतरवला आहे, हे धरून चला.

'एक्स' म्हणजे श किंवा ष: गोनेशा म्हणजे गणेश, पुर्शोतोमा म्हणजे पुरुषोत्तम. 'क्यू-यू' म्हणजे क. कोकणीतला ऱ्हस्व अ गोलसर, म्हणून तो ओ लिहिला जातो: प्रभूचे पोरोबो झाले ते त्यामुळे. शेवटचा 'एम' वाचायचा नाही, तो अनुनासिक आहे. पंजिममध्ये आहे तसाच कामोतिममध्ये. शेवटचा आ बहुधा गाळायचा: वामोना म्हणजे वामन, पुंडोलिका म्हणजे पुंडलिक. महाप्राण हरवतो, त्यामुळे रोगुनाता दिसले की रघुनाथ वाचा.

एकाच माणसाचे नाव दोन कागदांत दोन तऱ्हांनी येते. म्हणून पुस्तिकेत सापडलेले प्रत्येक रूप द्या, सुधारून एक करू नका. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल असल्याने एका घरात स्वतःचे नाव आणि बापाचे नाव अशी तीच जोडी पिढीआड परतते. सालाची नोंद नसेल तर आजोबा आणि नातू यांची सरमिसळ ठरलेली.

पेडणे_ते_काणकोण:
हिंदू आडनावांबद्दल. नाडकर्णी, देसाई, सरदेसाई ही हुद्द्यांची. नाईक, प्रभू हे किताब. नाईक तर अनेक जातींत आहे, त्यावरून जात लिहू नका.

-कर आडनाव बहुधा माणूस गाव सोडून गेल्यावर पडते. कुंकळ्ळीत राहणाऱ्या सगळ्यांनाच कुंकळ्ळेकर म्हणून वेगळेपण कसे कळणार? म्हणून आडनावातले गाव 'सध्याचे' न लिहिता 'निघाल्याचे' लिहा. जुन्या काबिजादींतून (पोर्तुगीजांनी आधी घेतलेल्या तिसवाडी, बारदेस, सासष्टीतून) तेव्हा पोर्तुगीज अमलाबाहेर असलेल्या अंत्रुजात, म्हणजे फोंडा महालात, आलेल्या घराण्यांना हे विशेष लागू. फोंडा पोर्तुगीजांकडे गेले १७६३ मध्ये. आणि केरकर लिहिताना थांबा: केरी फोंड्यात आहे, सत्तरीत आहे आणि पेडण्यातही आहे. कुलदैवत विचारल्याशिवाय गाव ठरवू नका.

ख्रिस्ती पहिल्या नावांतही -कर सापडतात, हे वाचकांना आवडेल. काएतान म्हणजे इटलीतल्या गाएता शहराचा. मागदालेन म्हणजे मागदालाची. शावियेर हे नावार्रातल्या गावाचे नाव, मूळ बास्क भाषेतले, अर्थ 'नवे घर'. संताचे गाव आपल्याकडे मुलाचे पहिले नाव झाले.

अंत्रुज_वाचनालय:
फार उपयोगी. दोन शंका उरल्या. मुसलमान नावांत 'अब्दुल' वेगळे घ्यायचे का? आणि मंगेशची 'त्राहि मां गिरीश' ही व्युत्पत्ती छापायची का?

जुनी_काबिजाद:
अब्दुल एकटे घेऊ नका. 'अब्द' म्हणजे सेवक आणि 'उल' हे पुढच्या शब्दाचे उपपद (इंग्रजी 'द'सारखे). पुढे ईश्वराचे नाव हवेच. अब्दुल करीम ही एकच नोंद. फॉर्म भरताना करीमला आडनाव केले जाते आणि पुढे दाखल्यांत घोळ होतो. शेख, सय्यद यांना किताब म्हणून वेगळे दाखवा.

मंगेशची कथा जरूर छापा, पण 'स्थलकथा' असा तिसरा रकाना करून. उगमाच्या खान्यात नको.

दफ्तर_वाचक:
इंग्रजीत डिसोझा लिहिताना 'डी'नंतर येणाऱ्या अपॉस्ट्रॉफीचे राहिले. पोर्तुगीज कागदात 'दे सोझा' असे दोन शब्द असतात. अपॉस्ट्रॉफी देऊन जोडणे नंतरचे. सूची करताना सोझाखाली लावा आणि डिसोझाकडून तिकडे निर्देश द्या. दा कोस्ता, दे मेलो यांनाही तेच.