मदत हवी आहे: प्रोबेशन ऑफिसर घरातल्या इतरांची कपाटं उघडू शकतो का?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये राहतो. फेडरल शिक्षा भोगून आलेला माझा भाचा सुपरवाइज्ड रिलीजवर (सुटकेनंतर प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीखाली) आमच्याकडे आहे. ऑफिसरने कधीही घरी यावं, समोर दिसणारी बंदी असलेली वस्तू उचलावी, ही अट आम्हाला मान्यच आहे. २००२ च्या रेयेस खटल्यात सेकंड सर्किटनेही (आमच्या भागाचं फेडरल अपील कोर्ट) अशा भेटीला संशयाचं कारण लागत नाही, असं म्हटलंय. पण परवा ऑफिसरने आईच्या खोलीतलं कपाट उघडून साड्यांच्या घड्या विस्कटल्या. आई अजून धास्तावलेली आहे. भाच्याच्या आदेशात झडतीची अट नाही. मग ही भेट की झडती? अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीचं (अवाजवी झडतीविरुद्धचं) संरक्षण आईला पूर्ण मिळायला नको का? भाच्याला त्रास न होता हरकत कशी नोंदवावी? फेडरल डिफेंडरकडे (आरोपींना मिळणाऱ्या सरकारी बचाव वकिलाकडे) जावं का? जाणकारांनी कृपया सांगा.