मदत हवी आहे : लाकडी रोबोटचे सांधे पावसाळ्यात अडकतात

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. नातवासाठी सागवानाचा ट्रक करतोय, उलगडला की त्याचा रोबोट होतो. मागची चाकं म्हणजे पाय, बाजूच्या फळ्या म्हणजे हात. कागदी पुठ्ठ्याचा नमुना करून घड्या आधी जुळवल्या होत्या, त्यामुळे रूपांतर नीट होतं. अडलंय ते सांध्यांपाशी.

गुडघ्याला ८ मिमीची लाकडी खुंटी घातली आहे. मे महिन्यात पाय हवा तिथे थांबायचा. जुलैत हलेचना! लाकूड रेषेच्या (म्हणजे तंतूंच्या) लांबीत जवळजवळ फुगत नाही, आडवं फुगतं, आणि तेही दोन दिशांना सारखं नाही. म्हणून गोल खुंटी किंचित लंबगोल होते. कानशीने घासून सैल केली, तर आता कोरड्या हवेत रोबोट गुडघ्यात वाकून बसतो. खांद्याची पट्टी तर भोकापाशी रेषेवरच चिरली. तिथे रेषा आडवी ठेवली ही माझीच चूक, नवी उभ्या रेषेची कापली आहे.

पितळी सळई आणि चामड्याची चकती घातली तर घट्टपणा बारा महिने टिकेल का? चकती किती जाड घ्यावी? लोहचुंबक नकोत, पोर चार वर्षांचं आहे आणि दोन चुंबक पोटात गेले तर आतडी चिमटतात.

संखेड्याच्या खराद्यांचं (लाकूड खरादून त्यावर लाख चढवणाऱ्या कारागिरांचं) काम कोणी जवळून पाहिलं असेल तर लाखेबद्दलही सांगा. सांध्याच्या आतून लाख द्यावी की कोरडंच ठेवावं? दिवाळीआधी त्याच्या हातात द्यायचाय.