स्लजला गाळ म्हणावं का?

प्रयोगवही: डेन्मार्कच्या सांडपाणी नियमांवरचं टिपण शेतीच्या मासिकासाठी मराठीत करतेय. वाक्य असं: सांडपाणी शुद्ध करताना तळाला बसणाऱ्या, शेतात टाकायच्या स्लजमध्ये डीईएचपी हे थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करायचं रसायन) कोरड्या वजनाच्या दर किलोला 50 मिलिग्रॅमच्या वर नको. मी 'गाळ' लिहिलं, संपादकांनी खोडलं. म्हणे, गाळ वाचून शेतकरी ट्रॉली जुंपून निघेल. दुसरा शब्द?

काठावरचा: बरोबरच आहे त्यांचं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' आल्यापासून गाळाला भाव आहे. आम्ही कृष्णाकाठचे तर मळी म्हणतो. मळीतली वांगी खाऊन बघा एकदा.

ऊसकरी: मळी कारखान्यात निघते हो. तिची दारू होते.

काठावरचा: कारखाने यायच्या आधीपासून नदीकाठाला मळी आहे.

शब्दव्रती: 'अवमल' घ्या. नेमका आहे, संस्कृतातून आलेला आहे.

वांगीभात: अवमल दिवसातून दोनदा, जेवणानंतर कोमट पाण्यातून!

टाकीवाला: मैलाशुद्धीकरण केंद्रात नोकरीला आहे. तिथे सगळे स्लजच म्हणतात. सेंट्रिफ्यूजमधून पाणी पिळून बाहेर पडला की 'केक'. काळपट, ओलसर, मुठीत दाबला तर मुटका वळतो. शब्द आयता असताना हा खटाटोप कशाला?

शब्दव्रती: उद्या पाण्यालाही वॉटर म्हणा.

आजोळ: सोनखत का नको? आजोबा नगरपालिकेकडून विकत आणायचे.

प्रयोगवही: सोनखत तर मुळीच नको. त्या मैल्यात पीव्हीसी कुठे होतं? डीईएचपी पीव्हीसी मऊ करायला घालतात, पण त्याला ते पक्कं जोडलेलं नसतं. व्हायनलची म्हणजे पीव्हीसीचीच फरशी पुसली की बादलीतल्या पाण्यात थोडं उतरतं. पाण्यात जवळपास विरघळत नाही, चरबट कणांना धरून बसतं. त्यामुळे नदीत सोडलेल्या पाण्यात कमी, तळाच्या स्लजमध्ये जास्त. स्लज कुजवायच्या हवाबंद टाकीत, डायजेस्टरात, फारसं तुटत नाही. शेतात हवा लागली की जिवाणू फोडतात, पण सावकाश. युरोपच्या 1986 च्या निर्देशात कॅडमियम, शिसं अशा धातूंनाच मर्यादा होत्या, सेंद्रिय प्रदूषकांना नाहीत. डीईएचपीची मर्यादा डेन्मार्कने स्वतः घातली.

ऊसकरी: थांबा, सेंद्रिय आणि प्रदूषक? आम्ही सेंद्रिय गूळ चढ्या भावाने विकतो.

वांगीभात: गाळ राहू द्या, आधी हे निस्तरा. 'शेतात सेंद्रिय प्रदूषकं' वाचून कोणीही म्हणेल, म्हणजे चांगलंच की.

शब्दव्रती: 'कार्बनी' आहे ना. दहावीच्या पुस्तकात धडाच आहे, कार्बनी संयुगे.

टाकीवाला: अवमलवाल्यांना कार्बन चालतो वाटतं.

शब्दव्रती: प्रत्यय आपला आहे.

आजोळ: आमच्याकडे गटार उपसून काठावर काळा ढीग टाकतात, त्याला रेंदा म्हणतात. रेंदा म्हटलं तर कोणी ट्रॉली आणणार नाही.

प्रयोगवही: रेंदा आवडला. पण प्रक्रिया केलेल्याला चालेल?

काठावरचा: रेंदा पातळ असतो. केकला रेंदा कसं म्हणणार?

वांगीभात: थॅलेट म्हणजे नॅफ्थॅलिनच्या घराण्यातलं. फ्रेंच रसायनज्ञ लोराँने 1836 मध्ये नॅफ्थॅलिनपासून थॅलिक आम्ल काढलं, पुढे त्याच्या नावातला 'नॅ' गळला. म्हणजे आपल्या डांबरगोळीचं भावंडच.

ऊसकरी: डांबरगोळी? आमच्यात कापूरगोळी म्हणतात.

आजोळ: कापूर वेगळा हो!